रुमैसाच्या अंगठीचं माप

६ सप्टेंबर, शनिवार

पोह्यांची प्लेट भिंतीवर. सकाळी सकाळी! मीठ जास्त झालं म्हणे. प्लेट माझ्या कानाजवळून गेली. रघुवीरचा नेम चुकला की त्याने मुद्दाम चुकवला, हे लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला कळत नाही. भिंत पुसली, काचा उचलल्या, लिपस्टिक लावली आणि पिनरहून ट्रेन पकडून दागिन्यांच्या दुकानात. लंडनच्या ईलिंग रोडवर शनिवारची ही गर्दी. विष्णूभाई म्हणाले, 'निवेदिताबेन, मोडां आव्यां!' मालक आहेत, उशीर झाला की बोलणारच. मी हसून घेतलं.

दुपारी साउथॉलची मंडळी आली. शाहिदा आपा — तिथे त्यांचं पडद्यांचं दुकान आहे — त्यांचा मुलगा दानियाल आणि होणारी सून रुमैसा. साखरपुड्याची अंगठी घ्यायचीय. पाकिस्तानी गिऱ्हाईक मला आवडतं. घासाघीस करतात, पण गप्पा मारत करतात. दानियालसाठी मी न विचारता चांदीचा ट्रे काढला. त्यांच्यात पुरुष सोनं घालत नाहीत. आपा खूश! 'इसको सब मालूम है,' म्हणाल्या.

रुमैसाच्या बोटाचं माप एम निघालं. इथे अंगठ्यांची मापं एबीसीडीत असतात. माझंही एम. दोघींचे हात शेजारी ठेवून आपांनी पाहिले. बोटं तितकीच लांब, रंगही तोच. रुमैसा ब्रॅडफर्डला हॉस्पिटलात ज्युनियर डॉक्टर, तिला परत यायला सुट्टी नाही. 'कोई बात नहीं. तेरा हाथ ही उसका हाथ,' आपा मला म्हणाल्या.

मी दानियालला चिडवलं, की अंगठी तू घालणार आणि निवडणार आई, असं कसं? तो म्हणाला, 'मी कुठे घालणार आंटी? अम्मी घालणार.' त्यांच्या घरात मुलाची आईच सुनेच्या बोटात अंगठी घालते. आपा एकदम गंभीर झाल्या. 'मैं पहनाऊँगी तो ज़मानत भी मेरी. कल को ये लड़का कुछ करे, तो जवाब मैं दूँगी.'

माझ्या सासूबाईंनी काय दिलं होतं? एक पैठणी, आणि 'तो जरा तापट आहे, उलट बोलू नकोस.'

१३ सप्टेंबर, शनिवार

आपा एकट्याच आल्या. मनसोक्त वेळ घेतला. मी एकेक अंगठी माझ्या डाव्या हातात घालून दाखवायची आणि त्या माझा हात धरून दारापाशी उजेडात न्यायच्या. 'अब चाय का कप पकड़. अब दुपट्टा ठीक कर.' मी आपली करतेय! विष्णूभाई पोट धरून हसत होते.

त्यांना बावीस कॅरेट हवं होतं. मी म्हटलं, आपा, बावीस मऊ असतं, हिरा धरून ठेवत नाही, अठरा घ्या. आपा म्हणाल्या, 'तो अठारह वाला ज़िद्दी होता है?' हो म्हटलं. 'फिर ज़िद्दी वाला दे.' शेवटी एक पसंत पडली. मधे लांबट हिरा, दोन बाजूंना छोटे पाचू. अशी अंगठी आपल्यालाही कुणी इतक्या प्रेमाने निवडली असती तर, असं वाटून गेलं. उगीच डोळे भरून आले. एमच्या मापाची करायला कारागिराकडे धाडली.

१८ सप्टेंबर, गुरुवार

डाव्या हाताने पान धरलंय. धरवत नाही.

दानियालचा व्हॉइस नोट आला, 'आंटी, रिंग झाली का, अम्मी झोपू देत नाही.' मी हसले. एवढंच! रघुवीर मागे उभा. 'त्या पाकड्यांचे मेसेज माझ्या घरात? आणि तू हसतेस?' मी चमचा काढत होते, हात ड्रॉवरमध्ये होता. त्याने ड्रॉवर ढकलला. मी ओरडले तर गुडघा लावून दाबून धरला. माझ्याकडे बघत. शांतपणे! बँकेतला मोठा मॅनेजर, मित्रमंडळात गणपतीची आरती हा म्हणतो. वर म्हणाला, 'माझ्या व्हिसावर आहेस तू इथे. एक इमेल टाकीन, नागपूरला जाऊन बसशील.'

हलकट. नीच. लिहून तरी घेते.

बोटं मोडली नाहीत. हलताहेत. मधली दोन काळीनिळी.

२० सप्टेंबर, शनिवार

काय करून बसले मी!

अंगठी कारागिराकडून आली आणि पाठोपाठ आपा. 'डाल के दिखा.' मी आधीच फाउंडेशन थापलं होतं बोटांवर. घालायला गेले, तर अंगठी पेरापाशीच अडली. आपा म्हणाल्या, 'ये क्या?' जीव जाईपर्यंत दाबली. घाम फुटला. उजवा हात पुढे करायचं सुचलंच नाही. आणि सांगायचं तरी काय? पाकिस्तानी बाईसमोर कबूल करायचं, की आमचा एवढा शिकलेला नवरा ड्रॉवरमध्ये बायकोचा हात चिरडतो? तोंडातून निघून गेलं, 'कारागिराने लहान केलीय, आपा. मोठी करून देते.'

आपांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मी हात काउंटरखाली घेतला.

सुजलेल्या बोटावर माप घेतलं. पी आलं, तीन मापं मोठं. तेच कारागिराला कळवलं. बिचारा फोनवर शपथा घेत होता, 'मॅडम, मी एमच केली होती!' मीच त्याच्यावर डाफरले.

२१ सप्टेंबर, रविवार

आईला फोन केला. सगळं सांगितलं, ड्रॉवरचंही. ती म्हणाली, 'सांभाळून घे गं. आता या वयात कुठे जाणार आहेस?' मी फोन उशीवर आपटला.

२५ सप्टेंबर, गुरुवार

फुलं आणली त्याने. गुलाबी. 'माझं चुकलं' नाही, नुसती फुलं. बाईसाहेब, ठेवा आता फुलदाणीत! मी देठं धरून बिनमध्ये कोंबली. त्याने पाहिलं. मानेला धरून फ्रिजवर आपटलं. मग शर्ट बदलला आणि मीटिंगला बसला, लॅपटॉपवर. 'गुड मॉर्निंग एव्हरीवन.'

फ्रिजवर मुलांचे फोटो असतात लोकांच्या. आमच्या फ्रिजला माझ्या डोक्याचा पोचा आहे.

आपांनी आज अंगठी नेली. मी नसताना, विष्णूभाईंकडून. मी डोकं दुखतंय म्हणून घरी होते.

२८ सप्टेंबर, रविवार

सकाळी भांडी घासताना बोटाकडे लक्ष गेलं. सूज नाही! माझी स्वतःची अंगठी घालून पाहिली, पूर्वीसारखी फिरतेय. आणि मग आठवलं. रुमैसाचं बोट एम. तिची अंगठी आता पी! आणि साखरपुडा आज, हाउन्सलोच्या हॉलमध्ये!

आपांना फोनवर फोन. उचलत नाहीत. दानियालही नाही. रघुवीर टीव्ही बघत ओरडला, 'कुणाला लावतेस?' बाथरूममध्ये जाऊन लावला. कुणी उचलला नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

आपा दुकान उघडायच्या आधीच शटरपाशी उभ्या होत्या. चेहरा लाल. आत आल्या आणि अंगठी काउंटरवर आपटली. भर हॉलमध्ये, सगळे नातेवाईक मोबाइल उंच धरून शूटिंग करताहेत, आपांनी अंगठी घातली, रुमैसाने हात खाली घेतला, आणि अंगठी सरळ जमिनीवर. सोफ्याखाली! लहान पोरं रांगत शोधत होती. रुमैसाची आत्या मोठ्यांदा म्हणाली, 'बदशगुनी है.' अपशकुन! रुमैसा सगळ्यांसमोर रडली.

विष्णूभाई कारागिराला शिव्या घालायला लागले. मी म्हटलं, 'कारागिराचं काही नाही चुकलं.'

आपांनी माझा डावा हात ओढला. मापाच्या कड्या स्वतःच उचलल्या, एमची कडी माझ्या बोटात घातली. चपखल बसली. माझ्या नखाकडे पाहिलं, ते अजून काळं आहे. आपांचा राग कुठल्या कुठे गेला. एकदम हळू आवाजात म्हणाल्या, 'उस दिन सूजा हुआ था. किसने किया?'

मी म्हटलं, दरवाजा लागला. 'दरवाज़े का नाम क्या है?'

सगळं सांगितलं मग. विष्णूभाईंसमोर! ते बिचारे पाठ करून चांदी पुसत बसले. आपा म्हणाल्या, 'मेरी सास ने मुझे अंगूठी नहीं पहनाई थी. मियाँ ने पहनाई, और उसी हाथ से मारा भी. इसलिए ये रिवाज मैंने खुद शुरू किया. समझी?'

म्हणजे हा रिवाज त्यांच्या घराण्याचा नाहीच! बाईने स्वतःच्या मारातून काढला. मी माझ्या मारातून काय काढलं? फाउंडेशनचा शेड.

दुकानावर पडद्यांच्या गठ्ठ्यांशेजारी खोली आहे म्हणाल्या. 'जब चाहे आ जा.' मी म्हटलं बघते. घाबरट कुठली!

४ ऑक्टोबर, शनिवार

सगळं लिहिणार. आज लिहिणार.

आपा दुरुस्त झालेली अंगठी न्यायला आल्या होत्या. मी त्यांच्या पुढ्यात अंगठी सळईवर चढवून माप दाखवत होते. ही सळई लोखंडी, हातभर लांब, निमुळती. तेवढ्यात रघुवीर आत. माझ्या फोनची बिलं काढून बसला होता, साउथॉलचा नंबर परत परत. 'ही का ती?' मी म्हटलं, रघुवीर, घरी बोलू. त्याने काउंटरवरून वाकून माझे केस धरले. डोकं काचेवर. एकदा. काच तडकली. दुसऱ्यांदा. भुवईतून रक्त डोळ्यात. दुकानात गिऱ्हाईक होतं, एक म्हातारी किंचाळली. विष्णूभाई 'अरे भाई, अरे भाई' करताहेत, आणि हा इंग्रजीत सांगतोय, 'धिस इज माय वाइफ!' जणू पावती दाखवतोय.

आपांनी सळई उचलली. अंगठी तिच्यावरच होती! दोन्ही हातांनी उगारली आणि त्याच्या मनगटावर घातली. कडकन आवाज. मला ऐकू आला, माझे केस सुटले, आणि मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू? रघुवीर गुडघ्यावर बसला. 'आणखी एक मारा,' असं मी ओरडले. मराठीत! आपांना कळलं बहुतेक. पण त्यांनी नाही मारलं. सळई खाली ठेवली, अंगठी काढून घेतली, दुपट्ट्याने पुसली आणि म्हणाल्या, 'पुलिस को बुलाओ. मैं यहीं बैठी हूँ.'

पोलिस आले. त्याला नेलं. पोलिसबाईने आपांचंही सगळं लिहून घेतलं. मला वाचवायला मारलं, हे विष्णूभाईंनी आणि त्या म्हातारीने छातीठोकपणे सांगितलं. भुवईला टाके पडले. रात्री साउथॉलला आले. घरी गेलेच नाही!

६ ऑक्टोबर, सोमवार

पडद्यांच्या गठ्ठ्यांत झोपते. मखमल नाकात जाते, शिंका येतात. रुमैसा खास ब्रॅडफर्डहून आली, अंगठी घालून. टाके तपासले, प्रत्येक डागाचे फोटो काढले. जुने डागही, मला दिसत नव्हते ते पाठीवरचे. फोटो काढताना तिच्या तोंडून शिवी गेली, मग सॉरी म्हणाली. व्हिसाचं काय, म्हणून मी रडले तर म्हणाली, 'आंटी, उद्या सॉलिसिटरकडे जाऊ. त्याच्या इमेलवर जग चालत नाही.'

रघुवीर जामिनावर सुटून पिनरला. माझ्याजवळ यायचं नाही, फोन करायचा नाही, अशी अट आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

कमाल झाली! आई लंडनमध्ये. जुना व्हिसा होताच तिच्याकडे. पिनरच्या घरून फोन. 'जावईबापूंनी तिकीट काढून दिलं. हात प्लास्टरमध्ये आहे गं त्यांचा. मी त्यांना भात भरवला आज.' माझ्या तळपायाची आग मस्तकात. म्हटलं, आई, माझ्या भुवईला टाके पडलेत. ती म्हणाली, 'तू तक्रार मागे घे, मी समजावते त्यांना. माझा शब्द ते मोडणार नाहीत. मुसलमानांच्या घरात राहतेस, नागपुरात काय सांगू मी लोकांना?'

मी म्हटलं, 'सांग की तिथे मला कुणी मारत नाही.' आणि ठेवला. आपा खालून ओरडल्या, 'क्या टूटा?' मी कप भिंतीवर फेकला होता. मी! त्याच्यासारखा! बराच वेळ काचांकडे बघत बसले, मग झाडू आणला.

पोलिसबाईला कळवलं, आई तिथे आहे म्हणून. ती म्हणाली, काळजी वाटली तर लगेच फोन करा.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आत्ता आईचा फोन. आवाज ओळखू येईना, पाणी सोडलेलं ऐकू येत होतं, बाथरूममधून बोलत असावी. 'निवे, ओठ फाटलाय माझा. मी काहीच बोलले नव्हते गं, नुसता चहा गार झाला होता. तुझ्या त्या पोलिसबाईला घेऊन ये. लवकर ये.'