पलीकडच्या काठची माती

२७ ऑगस्ट, बुधवार

सगळ्यांत आधी कोण आलं? पत्तणवाले! नदीपलीकडचे! गुरमेल, माझा थोरला, चिखलाने बरबटून जिना चढून आला आणि म्हणाला, बेबे, तुझ्या माहेरचे आलेत. मी म्हटलं, घरात कमरेइतकं पाणी आणि तुला चेष्टा सुचतेय? तर खरंच! ट्रॅक्टरमागे ट्रॅक्टर, ट्रॉल्यांत मातीची पोती गच्च, आणि पोत्यांवर पोरं अशी ऐटीत बसलेली जशी वरातीला निघालीत. लांबच्या पुलावरून केवढा वळसा घालून आले. आमच्या शेजारच्या गावांचे अजून फोनवर फोटोच बघतायत, आणि हे पोचले!

परवा बांध फुटला. एवढं भगदाड की आमचा गुरुद्वारा आडवा ठेवला तरी बुजायचा नाही. भातं गेली, खालची आळी गेली. सगळं गाव गुरुद्वाऱ्याच्या माडीवर आणि गच्च्यांवर. म्हशीसुद्धा वरच, माझी भुरी तर जिना अशी चढली जशी जन्मभर चढतेय. लंगरच्या स्वयंपाकघरात गाळ भरलाय. ग्रंथसाहिब मात्र वर सुखरूप. भाईजी लाभसिंगांनी छातीएवढ्या पाण्यातून डोक्यावर घेऊन आणला. लोक पाण्यातच हात जोडून दोन्ही बाजूंना उभे राहिले, मध्ये वाट. पाण्यालासुद्धा वाट पडल्यासारखी वाटली मला. रडू आलं नाही. रडायला आधी श्वास लागतो, तो कुठे होता.

कुठे भरकटले. पत्तणवाले. आमच्या गावच्या पाटलाला, लंबरदार अजैबसिंगाला, काही पटत नाही. म्हणे, एका काठचा बांध फुटला की दुसरा काठ वाचतो. आपला फुटला म्हणूनच ते कोरडे आहेत, मग आपला बुजवायला कशाला येतील? किती फुटलाय ते बघायला आले असतील.

त्याचंही खोटं नाही. मागच्या मोठ्या पुरात दोन्ही काठचे बाप्ये आपापल्या बांधावर काठ्या घेऊन बसले होते, पलीकडच्यांनी येऊन कापू नये म्हणून. शेवटी त्यांचा फुटला. ते म्हणाले तुम्ही कापला, आम्ही म्हणालो उंदरांनी पोखरला. झालं! येणंजाणं बंद. माझा भाऊ नाझर पंचांसमोर बोलून बसला की त्या काठावर पाय ठेवणार नाही. हट्टी. फोन कानाला लावत नाही, म्हणतो बहिणीशी काय डब्यातून बोलायचं. आई गेली तेव्हा मी शेवटची गेले होते माहेरी. त्यानंतर नाही.

गुरमेलला विचारलं, कोण कोण आहे रे? म्हणाला, बेबे, सगळे चिखलाचेच झालेत, तोंडं कोण बघतो.

२८ ऑगस्ट, गुरुवार

आज पम्मीने, सूनबाईने, हाताला धरून गच्चीच्या टोकाला नेलं. गुडघे कुरकुरले, कुरकुरू देत. काय बघितलं मी!

बांधावर माणसांची ओळ. टोक दिसत नाही. निळ्या, केशरी, पिवळ्या पगड्या, मधेमधे ओढण्या. पोतं एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात, आणि पोत्याबरोबर एक शब्द, वाहेगुरू, वाहेगुरू. शब्द इकडून निघतो आणि पोत्याच्या आधी भगदाडाशी पोचतो. मी तिथल्या तिथे डोकं टेकवलं. पम्मी म्हणाली, बेबे, कुणाच्या पाया पडताय? मी म्हटलं, मला काय माहीत, ओळीच्या.

आज कुठकुठले आले. शहरातून बसभर मुली, नखं रंगवलेल्या, त्या मातीत ओढण्या कमरेला बांधून. एक डॉक्टर, तो पोती शिवतोय! म्हणे, टाके घालायची सवय आहे. युसूफ गुज्जर दुधाच्या कॅनी घेऊन. कुणी कुणाला गाव विचारत नाही, जात विचारत नाही. आमच्यात तसं ठरलेलंच आहे म्हणा. पण ठरलेलं असणं वेगळं आणि डोळ्यांनी दिसणं वेगळं.

संध्याकाळी भाईजींनी बांधावरच पाठ केला. सगळी संगत ओल्या पोत्यांवर बसली, डोक्यावर रुमाल, पायाशी नदी. पाठ चालू होता तोवर नदीचा आवाज आला नाही. खरंच सांगते. का आम्हीच ऐकला नाही?

सरकारी माणूस सांगून गेला, बुधवारनंतर धरणातून पुन्हा पाणी सोडणार. त्याच्या आत बुजलं तर गहू पेरायला जमीन मिळेल. नाही बुजलं तर नदी गावातूनच वाट काढणार, मग गाव कुठलं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

वाईट झालं. पत्तणवाले आमचं काही खात नाहीत. पाणीसुद्धा नाही. बायका तीन दिवस गच्च्यांवर विटांच्या चुली मांडून घरोघरचं शिजवून पाठवतायत, बाकीची सगळी संगत पोटभर जेवते, आणि हे हात जोडतात. "आत्ताच झालं आमचं." स्वतःची पाण्याची पिंपं, स्वतःचे भाजलेले चणे आणि गूळ. चहासुद्धा परत.

लंबरदार भडकला. आमच्या भाकरीत विष आहे काय? माती आमच्या बांधात टाकायची आणि अन्न मात्र आमचं बाटलेलं! ह्या वेळी आपला बांध त्यांनीच कापला म्हणून आता तोंडाला चव नाही, असंही बोलला. त्याचा पोरगा जिंदर तर ट्रॅक्टरला आडवाच गेला. तुमची माती उचला आणि न्या म्हणाला. पत्तणवाले पोती उतरवत राहिले म्हणे. पण गुरमेल सांगतो, उद्या येतील की नाही शंका आहे. सगळ्यात जास्त ट्रॉल्या त्यांच्याच. ते गेले तर बुधवार गाठता येत नाही.

लसूण सोलत बसलेय. मला तेवढीच सेवा उरलीय. पोळपाटाशी पम्मी बसू देत नाही, म्हणते बेबे, तुमचे परशादे नकाशासारखे होतात. पोळ्या वाकड्या होतात तर होतात. पोटात गेल्यावर कोण नकाशा बघतो.

३० ऑगस्ट, शनिवार

मी हसले! अशी हसले की भाईजी पाठ सोडून बघायला आले.

झालं असं. गुरमेल सकाळी चहा पीत कुरकुरत होता. त्यांच्यातला एक पोरगा भुकेला होता, जिंदरच्या बहिणीने केळं दिलं तर घेऊन परत ठेवलं. म्हणाला, आजोबांचा हुकूम आहे, ह्या गावातलं काही तोंडात घालायचं नाही.

आजोबांचा! आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. अरे वेड्यांनो, ते रागावलेले नाहीत. त्यांची मुलगी ह्या गावात दिलीय! लेक दिली त्या गावचं पाणी पीत नाहीत. माझे वडील मला भेटायला यायचे ते घोड्यावर स्वतःची सुरई बांधून. माझ्या ओट्यावर बसून स्वतःचं पाणी प्यायचे, आणि मी आतून बघायचे. एकदा सासूने ताकाचा पेला पुढे केला, तर हात जोडून उठलेच. लेकीकडून घ्यायचं नसतं, द्यायचंच असतं. आणि गावची एक लेक म्हणजे सगळ्या गावची लेक. आता कोण पाळतं हे? पोरांना माहीतसुद्धा नाही. लंबरदाराला माहीत असायला हवं होतं, पण तो रागात असला की त्याला स्वतःचं नावही आठवत नाही.

मग मी बोटावर मोजलं. पत्तणहून ह्या गावात दिलेली आता एकच जिवंत आहे. मी! आणि असला हुकूम देणारा आजोबा पत्तणात एकच असणार.

नाझर आलाय. तीन दिवस ह्याच काठावर आहे. बोलला होता ना, पाय ठेवणार नाही म्हणून! मी माडीवर लसूण सोलतेय आणि माझा भाऊ खाली माझ्या गावात माती टाकतोय.

लंबरदाराला बोलावून घेतलं. म्हटलं, अजैब, ते माझ्यामुळे उपाशी आहेत. तुझा अपमान नाही केला त्यांनी, माझा मान राखलाय. त्याने पगडीचं टोक खोचलं. मग म्हणाला, "मग आता काय करायचं, ताई? उपाशी पोटी किती दिवस माती उचलतील?"

म्हटलं, घरचं अन्न पाठवता म्हणून ते आमचं. लंगरमध्ये गुरूच्या चुलीवर शिजवा, गुरूपुढे अरदास करा, मग ते माझ्या सासरचं राहत नाही. गुरूच्या घरी कुणाची लेक दिलेली नाही.

लंबरदार उठला आणि आधी जिंदरला शोधायला गेला. काय बोलला ठाऊक नाही. जिंदर दुपारी पत्तणच्या ट्रॉलीतून पोती उतरवत होता.

३१ ऑगस्ट, रविवार

आजचं लिहिलंच पाहिजे.

लंबरदार स्वतः फावडं घेऊन लंगरमधला गाळ काढायला उतरला, मागोमाग सगळे. मोठी कढई घासली. डाळ, भात, परशादे. आज मी पोळपाटाशी बसले, पम्मीनेच लाटणं हातात दिलं. भाईजींनी अरदास केली, अन्नाला कृपाण लावली. मग सगळं ट्रॉलीत, आणि ट्रॉलीत मीपण! चौघांनी खाटेसकट चढवलं. भुरी गच्चीवरून हंबरली.

बांधावर पंगत बसली. भाईजींनी मोठ्याने सांगितलं, हा लंगर गुरूच्या घरचा आहे, कुण्या गावचा नाही. पत्तणवाले उभेच. सगळे एका म्हाताऱ्याकडे बघत होते. चिखलाने दाढीसुद्धा काळी झालेली. पाठ वाकलीय. त्याने पायातले बूट काढले, हात धुतले, आणि पंगतीत बसला. मग त्याची सगळी पोरं बसली. लंबरदार त्याच्या शेजारी जाऊन बसला, गुडघ्याला गुडघा लावून.

मी परशाद्यांची टोपली घेतली. गुरमेलने दंड धरला होता. एकेकासमोर, परशादा वाहेगुरू, परशादा वाहेगुरू. पंगतीत वाढणाऱ्याचं तोंड बघत नाहीत, नजर खाली, ओंजळ पुढे. नाझरचीही ओंजळ पुढे आली. करंगळी वाकडी. चाऱ्याच्या यंत्रात गेली होती लहानपणी, मीच फडकं बांधलं होतं. मी परशादा ठेवला. त्याने बघितला. ओंजळ तशीच.

"चन्नो," म्हणाला, मान वर न करता, "अजून गोल येत नाही तुला."

"खा मुकाट्याने. गुरूचा आहे."

"तरी वाकडाच."

आणि खाल्ला. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या हातचं माझ्या भावाच्या पोटात गेलं. वडिलांच्या कधी गेलं नाही. मग त्याने ओंजळ पुन्हा पुढे केली.

मी पुढच्याला वाढायला सरकले. सेवेत थांबायचं नसतं. पण डोळ्यांना कुठे कळतं ते. पुढच्या चार जणांना दोनदोन परशादे गेले असतील.

१ सप्टेंबर, सोमवार

आजही गेले. नाझरशेजारी पोत्यावर बसले. भुरीचं दूध किती, विचारलं. सांगितलं.

२ सप्टेंबर, मंगळवार

लंबरदार म्हणत होता ते डोक्यातून जात नव्हतं. नाझरला विचारलंच. वीरा, इकडचं बुजलं की पाणी तुझ्या काठावर रेटा देणार, माहीत आहे ना?

हातातलं पोतं पुढच्याला दिलं, वाहेगुरू म्हणाला, मग म्हणाला, "जन्मभर नदीकाठी राहून एवढं नाही कळणार?"

"मग?"

"मग काय. आज हे फुटलंय, तर आज हे बुजवायचं."

एवढंच. वर मला म्हणतो, उन्हात बसू नकोस, आधीच अक्कल कमी. आई मागे बसून हसतेय असं वाटलं.

३ सप्टेंबर, बुधवार

बुजलं!!

शेवटचं पोतं लंबरदार आणि नाझरने मिळून टाकलं. पाणी थांबलं. मग कुणीतरी बोले सो निहालची हाक दिली आणि जो काय सत श्री अकालचा गजर उठला, पलीकडच्या काठावरून परत आला. नदी मधून गेली, मुकाट, जशी सून भरल्या घरातून जाते.

ज्यांची नावं कुणाला माहीत नाहीत अशा हातांनी गाव परत दिलं. शहरातल्या मुली गेल्यासुद्धा, निरोप न घेता. डॉक्टरची सुई राहिलीय माझ्याकडे.

४ सप्टेंबर, गुरुवार

पत्तणवाले सकाळी गेले. शेतांत वाळू साचलीय ती काढायला पुनवेला ट्रॅक्टर घेऊन येतो म्हणाले. मी म्हटलं, जेवायला गुरुद्वाऱ्यातच या. नाझर म्हणाला, परशादे दुसऱ्या कुणालातरी लाटायला सांग. ट्रॉलीत चढताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी मोठी आहे त्याच्याहून! तरी ठेवला. ठेवू दिला.

संध्याकाळपासून नदी चढतेय. आमचा बांध घट्ट आहे.

५ सप्टेंबर, शुक्रवार

पहाटे पत्तणचा बांध फुटला. नाझर सुखरूप, बांधावरच आहे. गुरमेलने फोन लावला तर पहिल्यांदाच कानाला लावून बोलला माझ्याशी.

लंबरदाराने गुरुद्वाऱ्याच्या भोंग्यावरून एकदाच सांगितलं. ट्रॉल्या भरल्या. जिंदर सगळ्यात पुढे. पम्मी वाटेसाठी चणे भाजतेय. मी खाटेसकट चढलेय, इथेच बसून लिहितेय. माहेरी रिकाम्या हाताने जाऊ नये. पोती भरून माती घेतलीय.

ते पुनवेला येणार होते. पुनव परवा आहे.