एकाच फरशीच्या दोन चौकटी

१२ जानेवारी

चि. भाऊजींस वहिनीचे अ. आ.

थोरल्या बहिणीकडे येऊन सहा महिने झाले. गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक. ह्यांची स्फटिकांची पुस्तकं रद्दीत द्यायला हात धजेना, म्हणून वाचायला घेतली. हसू नका.

प्रयोगशाळेत तुम्ही ह्यांना चारचौघांत म्हणालात, दादा, तुझी पेटी चुकली. जी पेटी पुन्हा पुन्हा रचत गेलं की सबंध स्फटिक होतो, ती. ह्यांच्या पेटीच्या कडांमधला कोन एक्क्याण्णव अंश, तुमचा एकशे नऊ. स्फटिकाच्या रचनेचं जे चिन्ह लिहितात, त्यात ह्यांच्या शेवटी एन, तुमच्या सी. ह्यांनी शोधनिबंधावरून स्वतःचं नाव काढून घेतलं आणि दोन महिन्यांत अंथरूण धरून गेले.

इथल्या स्वयंपाकघरात नक्षीची फरशी आहे. खडूने आखून पाहिलं. तीच नक्षी सरळ चौकटीत पकडता येते, तिरप्या चौकटीतही. ताई वैतागली, आता फरशीही पुसू देणार नाहीस का म्हणाली. पुस्तकात लिहिलंय, आरशातली प्रतिमा अर्धं पाऊल सरकते. ते पाऊल पेटीच्या कडेने पडलं तर सी, कर्णावर पडलं तर एन. पाऊल तेच, कडा आपण निवडतो. तुमच्या दोघांच्या पेट्यांचं आकारमान काढलं, तंतोतंत सारखं आलं.

मग चूक कुणाची होती? मी चुकत असेन तर कान धरा.

तुमची,
वहिनी

२० जानेवारी

ती. वहिनींस सा. न. वि. वि.

तुम्ही चुकला नाहीत. दादाही चुकला नव्हता. कोन नव्वदच्या जवळ राहावा म्हणून त्याने त्या कडा धरल्या होत्या, जुनी रीत आहे ती.

मला हे त्याला तसं बोलल्यावर नवव्या दिवशी कळलं. निबंध धाडून झाला होता, साहेबांपुढे छाती ठोकून बोललो होतो. छापून येऊ दे, मग दादाला निवांत सांगू, असं म्हणत राहिलो. छापून आला त्याच आठवड्यात दादा गेल्याचा तुमचा निरोप आला.

निबंध छापणाऱ्यांना दुरुस्तीचं पत्र आता धाडतो. नोकरी गेली तर जाऊ दे. रविवारी येऊ का? ह्या नालायकावर लोभ असू द्या.

आपला,
धाकटा

२७ जानेवारी

चि. भाऊजींस अ. आ.

पत्र धाडाच. ह्यांचं नाव आधी, तुमचं नंतर. नोकरी जावी असं मला वाटत नाही. तुमच्या पदरी दोन मुली आहेत.

ह्यांची शेवटची वही काल उघडली. तुमच्या कडांवरून स्वतःच्या कडा काढायचं गणित अंथरुणात मांडलं होतं. अर्ध्यावर थांबलंय. राहिलेल्या दोन ओळी मी पेन्सिलीने भरल्या. सोप्या होत्या हो.

नवव्या दिवशी हे अजून कामावर येत होते. तुमचं टेबल ह्यांच्यापासून चार पावलांवर.

रविवारी नका येऊ. लोभ आहे, तो वाढावा असं मात्र आज लिहवत नाही.

वहिनी