रांग सोडू नका

बालाघाट

मामाजी, जय भीम.

हे पत्र तुमाले धाडणार नाही. मामीच्या हाती लागलं तं ते रडन. पण लिहिल्याबिगर मले राहवत नाही.

लांजीकडच्या नाल्यावर आमच्या कॉलेजचं शिबिर होतं. गावासाठी मातीच्या बोऱ्यांचा बांध घालून राह्यलो होतो. सरांनी मले प्रमुख केलं, पण पहिले कोणी ऐकेच ना. लोकेश तं म्हणे, "पोरीचं काहून ऐकू?" मंग मी रांग लावाचं काम त्यालेच देल्लं, अन् बोऱ्या हातोहात पुढं सरकू लागल्या.

बांध उभा झाला अन् रेतीचा ट्रॅक्टर आला. त्याची वाट नाल्यातूनच होती. "रस्ता खोलो!" म्हणत माणसं फावडे घेऊन उतरले. मी ओरडली, "रांग सोडू नका!" आमी एकमेकाचे हात धरून उभे राह्यलो. पहिला घाव लोकेशच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. माह्या बाजूच्या अंजनाचं डोकं फुटलं, बोऱ्या रक्तानं भिजल्या. फावडं माह्यावर उचललं तवा ड्रायव्हर ओरडला, "इसको छोड़ो, सेठ की भांजी है!"

मले सोडून साऱ्यायले मारलं, मामाजी. मी लोकेशच्या अंगावर पडली तवा कुठं ते थांबले.

दवाखान्यात पोलिस दरोगानं विचारलं, "ट्रैक्टर किसका है?" साऱ्यायले ठाऊक होतं, पण सारे माह्याकडं पाहू लागले. त्यायनं ते माह्यावर सोडलं होतं.

मी तुमचं पुरं नाव सांगितलं, आजाच्या नावासकट.

तुमची भाची,
मंजुषा