चाळीस कोरी कार्डं

एउलालिया मावशी,

तू सफरचंदांच्या तोडणीला उत्तरेकडे गेलीस आणि इथे आज भलतंच घडलं.

लायब्ररीच्या बैठकीत मी स्पॅनिश पुस्तकांसाठी आणखी एक कपाट मागायला उभी राहिले, तर ग्रंथपाल हॅस्किन्सबाईंनी आहेत त्या चाळीस पुस्तकांची कार्डं टेबलावर पसरली. दोन वर्षांत एकाही कार्डावर सही नाही! "तुमची माणसं वाचतच नाहीत. आहे ते कपाटसुद्धा कशाला हवं?" लोक हसले.

वाचत नाहीत? दर शनिवारी पीच खोक्यांत भरून झाले की तू लायब्ररीच्या खिडकीपाशी उभ्या उभ्या वाचायचीस. पुस्तक घरी न्यायचं तर कार्डावर सही करावी लागते, आणि "सही केलीस की बिनकागदाच्यांना पकडून देशाबाहेर धाडणारे मिग्राचे पोलीस दारात आलेच समज, पोरी," हे तूच अख्ख्या वस्तीला पढवलंस. सगळ्यांनी ऐकलं. तिथेच उभं राहून वाचलं. पुठ्ठे सुटले, पानांवर पीचचे डाग पडले, पण कार्डं कोरीच राहिली!

मी एक पुस्तक उघडून ते डाग दाखवले. बाई म्हणाल्या, "बरं, कोण वाचतं? एक तरी नाव सांगा."

तुझं नाव अगदी ओठांवर आलं होतं, मावशी. मी गिळलं.

कपाट शुक्रवारी काढणार आहेत.

हे पत्रही मी टाकणार नाही. पाकिटावर तुझं नाव लिहावं लागेल.

तुझीच,
ओफेलिया