हत्तीखान्यातली ओ

दादा, आज सकाळी घरातली सगळी पोरं हत्तीखान्याला गेली आणि मी एकटी मागं राहिले. धाकट्यानं नेलं त्यांना. तुमचा हा धाकटा लेक, माझा भाऊ, आता आजोबा झालाय, पण उन्हाळा लागला की घरात बसवत नाही त्याला. फडक्यात भाकरी बांधायच्या, कांदे घ्यायचे, कैऱ्या आणि मिठाची पुडी घ्यायची, आणि ऊन चढायच्या आत नातवंडांना घेऊन निघायचं. त्याच्या सुनेनं विचारलं, खर्चाला काही देऊ का, तर म्हणाला, "पैसा कशाला लागतोय, पाय लागतेत नुस्ते." हे तुमचंच बोलणं. मी चुलीपाशी होते, माझे हात काटवटीतल्या पिठात तसेच राहिले. मला अक्षरं उशिरा आली, लग्नानंतर नवऱ्यानं शिकवली. तो गेल्यापासून मी इथंच, धाकट्याकडं असते. तुम्हाला लिहायचं कधी सुचलं नाही. आज घर रिकामं आहे म्हणून बसले.

आपल्या अंबाजोगाईला तेव्हा सरकारी कागदात मोमिनाबाद म्हणायचे. निजामाचा अंमल, चावडीवर उर्दू, आणि गल्लीत तुमची हाक. तुम्ही कासार, तट्टाच्या पाठीवर बांगड्यांच्या माळा, आणि आवाज असा की वेशीवरून "बांगड्याऽऽ" म्हटलं की पार शेवटच्या आळीतल्या बाया हात धुऊन ओट्यावर येऊन बसायच्या. चैत्र-वैशाखात लग्नसराई, तुम्हाला उसंत नसायची. पण अमावास्येला कुणी नवा चुडा भरत नसे, तेवढा तुमचा मोकळा दिवस. त्या दिवशी तुम्ही आम्हाला कुठंतरी न्यायचात. कधी नदीच्या कोरड्या वाळूत झिरा खणायला. हातानं वाळू उपसत राहायचं, आणि कोपरापर्यंत खड्डा झाला की तळाला गार पाणी जमायला लागायचं, त्यातलं पहिलं ओंजळभर माय प्यायची. एकदा तर धर्मापुरीच्या देवळापर्यंत गेलतो आपण, कुणाच्या तरी बैलगाडीत बसून. तिथल्या भिंतीवरच्या दगडी बायांच्या मनगटांवर बोट ठेवून तुम्ही म्हणाला होतात, "ही आपली जुनी गिऱ्हाइकं हायेत. इतकी वर्सं झाली, एक बांगडी वाढवली न्हाई." माय तोंडाला पदर लावून हसली होती.

पण आम्हा दोघा भावंडांचा जीव हत्तीखान्यात. गावाबाहेर नदीकाठी खडकात कोरलेली ती लेणी, अंगणात दगडाचे मोठाले हत्ती, सोंडा तुटलेले. बाहेर वारा भाजत असला तरी आतल्या खांबांना गाल लावला की मडक्याला लावल्यासारखं गार वाटायचं. आणि सगळ्यात मागं एक अंधारी खोली. तिच्या तोंडाशी उभं राहून हाक मारली की तीच हाक आतून परत यायची. तुम्ही म्हणायचात, "ती ओ देती. नीट बोलावलं तर नीट ओ देती." दर उन्हाळ्यात आम्ही पाळीपाळीनं हाका मारायचो. तुम्ही मारलीत की खालची जमीन हलल्यासारखी वाटायची, आणि वटवाघळं छताला चुळबुळ करायची.

त्या वर्षी धाकट्याचे दुधाचे दात पडायला लागले होते. मी आधी हाक मारली, ती परत आली. मायनं मारली, लाजत, तीही आली. मग धाकटा पुढं झाला, पोटावर हात दाबून त्यानं जोरात "ओऽ" केलं. आतून काही आलं नाही. तो माझ्याकडं वळून म्हणाला, "माझी कावून न्हाई आली?" तुम्ही हसलात, म्हणालात, "दातं पडल्यात की तुझी, समदी हवाच निसटाय लागली. परत मार." त्यानं परत मारली. परत मारली. त्याचा आवाज त्या दारातून आत जायचा आणि बस्स, विहिरीत टाकलेला खडा पाण्याला न लागावा तसा. मग तुम्ही मला म्हणालात, तू मार. माझी लगेच परत आली. तेव्हा तुमचं हसू गेलं.

मायनं धाकट्याला ओढून उजेडात नेलं, कपाळाला हात लावला, डोळ्यांखालची कातडी ओढून पाहिली. ती हळूच म्हणाली, "आमच्या माहेरी म्हणतेत, ज्याला जागा ओ देत न्हाई, त्यो फुडचा उन्हाळा..." आणि पुढचं गिळलं. तुम्ही तिच्याकडं असं पाहिलंत की मी घाबरले. "पोराम्होरं काय बी बोलू नको," तुम्ही म्हणालात. मग आम्हाला हत्तींपाशी बसवून म्हणालात, "मी आलोच. कुणी आत यायचं न्हाई." पागोटं काढून मायच्या मांडीवर ठेवलंत आणि आत गेलात.

भर दुपार होती. सावली हत्तींच्या पोटाखाली आखडून बसलेली. पलीकडं चरणाऱ्या शेळ्या कुठं गेल्या कळलं नाही, होला घुमत होता तोही गप झाला. मी कान देऊन होते, तुमची हाक येईल म्हणून. आतून हाक नाही, पावलं नाहीत, काहीच नाही. धाकटा हत्तीच्या पाठीवर बसून कैरी खात होता, तोंड भरलेलं, हनुवटीवरून रस गळतोय. आणि तेव्हा आतून त्याचा आवाज आला. "ओऽ." अगदी त्याचा, पडलेल्या दातांमधून फुसकारत. मी त्याच्याकडं पाहतच होते, दादा. त्याचे ओठ मिटलेले होते. मायनं तुमचं पागोटं दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं.

तुम्ही बाहेर आलात ते भिंतीला धरून. केसांत, भुवयांत धूळ. बोलला नाहीत, पाण्याकडं बोट केलंत, सगळी सुरई रिकामी केलीत. मग धाकट्याला खाली उतरवून आत दाराशी नेलंत आणि मान हलवलीत, मार. त्यानं मारली आणि ती परत आली, लख्ख. त्याला इतका आनंद झाला की तो ओरडतच राहिला. माय आणि मी मात्र तुमच्याकडं बघत होतो. घरी येईपर्यंत तुम्ही शब्द काढला नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. हकिमानं घशात पाहिलं, म्हणाला, वटवाघळांच्या घाणीची धूळ बसलीय, मध-आल्यानं उतरेल. मध-आलं झालं, गुळण्या झाल्या. कानाशी तोंड नेऊन ऐकावी लागे अशी कुजबूज तेवढी उरली.

मग मी तुमची हाक झाले. तट्टाच्या पुढं चालत मी ओरडायची, सिरसाळ्याच्या बाजारात, वाटेवरच्या वाड्यावस्त्यांत, आणि बाया दारातून विचारायच्या, "कासारदादा कुठं हायेत, आज पोरगीच आली का?" तुम्ही मागून यायचात, मान खाली घालून त्यांचा हात हातात घ्यायचात. तुमची बोटं तशीच होती, एकही बांगडी हातात पिचायची नाही. एकदा परतीच्या वाटेवर मी विचारलं, "दादा, त्या दिशी आत काय झालं?" तुम्ही तट्टू थांबवलंत. मला वाटलं सांगाल. तुम्ही वाकलात आणि माझ्या कानात म्हणालात, "परत इचारू नको. आन् तुझ्या भावाला तर कदीच सांगू नको." तुमच्या श्वासाला त्या खोलीचा वास येत होता, गार, मातीचा.

धाकटा वाढला. अंगानं दणकट, कधी ताप नाही, कधी खोकला नाही. गावात तापाची साथ आली, घरोघर पोरं गेली, त्याला काही झालं नाही. मिसरूड फुटली तसा त्याचा आवाज फुटला, काही दिवस घोगरा, चिरका. मग एका सकाळी तो तट्टू घेऊन एकटाच निघाला आणि गल्लीच्या तोंडाशी त्यानं हाक दिली. मी माहेरपणाला आले होते, अंगण सारवत होते. ती हाक तुमची होती. तशीच लांबवलेली, शेवटी तशीच खाली उतरणारी. शेजारची म्हातारी ओट्यावर येऊन म्हणाली, "बाई, दादांचा गळा सुटला का काय?" समोरच्या बाया बाहेर आल्या. मी घरात धावले. तुम्ही खाटेवर उठून बसला होतात आणि डोळे मिटून ऐकत होतात, हाक लांब जाईपर्यंत. मग मायला जवळ बोलावून काहीतरी म्हणालात. ती नंतर म्हणाली, एवढंच म्हणाले, "पोचलं." त्याच आठवड्यात तुम्ही गेलात, झोपेत. दुखणं काही नव्हतं.

मायनं शेवटपर्यंत मला विचारलं नाही, मी तिला विचारलं नाही. धाकट्याला काहीच माहीत नाही. त्याला एवढंच आठवतं की एका उन्हाळ्यात त्याची ओ आधी आली नव्हती आणि मग आली, आणि ती गंमत म्हणून तो पोरांना सांगतो. आज जाताना धाकट्या नातीनं विचारलं, "आबा, माझी आली न्हाई तर?" तो म्हणाला, "येती की. मी हाय ना संगं." तेव्हा मला त्यांना थांबवायचं होतं आणि काय सांगून थांबवू ते सुचलं नाही. आता उन्हं कलली आहेत. आत्ताच लांब वाटेवर पोरांचा गलका ऐकला, आणि मी कान देऊन एकेकीचा, एकेकाचा आवाज वेगळा करून पाहिला. सगळे आहेत.

हा कागद कुठं पाठवायचा, ते मला कळत नाही. पोरं घरात यायच्या आत चुलीत सारीन. पण एक सांगते. धाकटा घरात असला की मी स्वयंपाकघरातून त्याला उगीच हाक मारते. काही काम नसतं. तो पलीकडून तुमच्याच गळ्यानं "काय गं?" म्हणतो, आणि त्याची पावलं दाराशी येऊन थांबली तरी मी लगेच वळत नाही.