साडूपेक्षा एक फूट मोठा टँक

रविवार, ३ मार्च
साडूकडून आत्ताच आलो. त्याने समुद्री माशांचा टँक घेतलाय. मी फारसं लक्ष दिलं नाही. तीन फुटी. निळा लाइट, सहा मासे, मागे डावीकडे फिल्टर. सगळे म्हणत होते, पाणी काय ठेवलंय! सासूबाई समोर खुर्ची टाकून बसलेल्या. या माशांकडे बघून माझं बीपी उतरलं म्हणाल्या. कुणाकडे बघून चढतं ते बोलल्या नाहीत, पण बघत माझ्याकडे होत्या. वास्तविक थोरला जावई मी.
मत्सर हा माझा स्वभावच नाही.

सोमवार, ४ मार्च
टँक घेतला. चार फुटी.

शनिवार, ९ मार्च
पाणी भरलं, मीठ मिसळलं. दुकानदार म्हणतो, पाण्यात चांगले बॅक्टेरिया तयार व्हायला सहा आठवडे लागतात, तोवर मासे सोडू नका, रोज अमोनिया तपासा. सासूबाई वीस तारखेला महिनाभर राहायला येतायत. सहा आठवडे साडूला लागले असतील, मला नाही. टेस्टसाठी वही केली. रकाने आखले.

गुरुवार, १४ मार्च
टेस्ट राहिल्या. रकाने मात्र सुबक आलेत.
पाणी दोन बोटं उतरलंय. ही म्हणाली, साधंच पाणी घाला, उडून जातं ते पाणी, मीठ आतच राहतं. तुला कुणी सांगितलं विचारलं, तर साडूचं नाव! मी मिठाचंच पाणी घातलं. दोनदा.

मंगळवार, १९ मार्च
दोन मासे आणले. केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचे. टँक तयार आहे का, दुकानदाराने विचारलं. मित्राचा आहे, जुना आहे, म्हणालो. माणसाने स्वतःचा मित्र असावं.

बुधवार, २० मार्च
सासूबाई आल्या. अर्धा तास टँकसमोर बसल्या! मासे गोड आहेत, पण दमल्यासारखे वाटतात म्हणाल्या. प्रवास झालाय, असं मी सांगितलं. तरतरी यावी म्हणून तीनदा खाऊ घातलं.

शुक्रवार, २२ मार्च. सकाळी ७
पाणी तांदळाच्या धुवणासारखं. मासे वर येऊन तोंड उघडतायत. सासूबाई म्हणतात, त्यांना धाप लागलीय. मी म्हटलं, ओळख दाखवतायत. तरी अमोनियाची टेस्ट केली. नळी गडद हिरवी. कार्डावरचा शेवटचा रंग. त्यापुढे रंगच छापलेला नाही.

दुपारी १
हिने मला न विचारता साडूला फोन केला. तो ऑफिस सोडून आला. कोपरापर्यंत बाह्या सरसावून हात घातला, खारेपणा मोजला. अमोनिया झालाय, मीठही वाढलंय, दादा, यांना काही दिवस माझ्याकडे ठेवू या, म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं. धाकटा मासा आडवा पडला होता. त्याला मीच उचलून बादलीत सोडलं. डोळ्यात टँकचं पाणी गेलं.
गाडीत बादली धरायला कुणीतरी हवं म्हणून सासूबाई गेल्या.

शनिवार, २३ मार्च
दोन्ही मासे वाचले. सासूबाईंचा निरोप आला, धाकटा जरा खायला लागला की येते.

रविवार, २१ एप्रिल
सहा आठवडे पूर्ण. महिनाभर एकही टेस्ट चुकवली नाही. साध्या पाण्याचीच भर घातली (हे हिला सांगितलेलं नाही). अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, खारेपणा बिनचूक. साडूला फोन करून आकडे वाचून दाखवले. त्याला खरोखर आनंद झाला, मेल्याला. दादा, आजच या, मासे घेऊन जा आणि आईंनाही, म्हणाला.
मग सासूबाई फोनवर आल्या. मासे आता इथं रुळलेत, उगाच कशाला हलवायचे, म्हणाल्या.
बरं, मग तुम्ही कधी येताय, मी विचारलं.
त्यांनी फोन साडूकडे दिला.
पाणी अप्रतिम आहे. आरपार पलीकडची भिंत दिसते.