पाच मीटरची झबली

उल्हासनगर, ८ जानेवारी १९८८

ती. अंजनीताईस धाकट्या भावाचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे बरे आहोत, पण तुझी गोदू तीन दिवस शाळेत गेलेली नाही. तुझ्यापासून लपवणं बरं नव्हे, म्हणून लिहितो.

अपूर्णांकांच्या भागाकाराचं गणित होतं. पाच मीटर कापड, एका झबल्याला पाऊण मीटर, तर झबली किती? पोरीने लिहिलं, सहा झबली होतील, अर्धा मीटर उरेल. पुस्तकात उत्तर सहा पूर्णांक दोन तृतीयांश. सरांनी फुली मारली. तिने विचारलं की दोन तृतीयांश झबलं कुठल्या बाळाला घालायचं, तर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "शिंप्याकडे राहतेस ना? मग झबलीच शिव, शाळेत कशाला येतेस?" पोरं हसली.

मी भेटून आलो. म्हणाले, पुस्तकात आहे तेच बरोबर. मीही जास्त ताणलं नाही, तिला वर्षभर तिथंच काढायचंय. तुझा लोभ आहेच, रागही कळव.

तुझा नाथा

जांभूळ, १३ जानेवारी १९८८

चि. नाथास अनेक आशीर्वाद.

राग कळव म्हणतोस? पत्र वाचलं त्या तिरमिरीत संक्रांतीचे तीळ भाजायला घेतले ते करपले.

गणित चुकलं असेल तर मारू दे फुली. पण पोरीने विचारलं ते खोटं होतं का? आणि शिवणकाम काय चोरी आहे? तुझ्या मशीनवर तुझं घर चालतं, माझी पोर तिथं जेवते. ते ऐकून तू हात जोडून परत आलास, याचाही मला राग आहे.

गावात चौथीपुढे शाळा नाही, म्हणून काळजावर दगड ठेवून तिला तुझ्याकडे धाडली. ती घरी बसायला नाही. सोमवारी मी स्वतः शाळेत येते. कुंदावहिनीला सांग, माझं जेवण ठेवू नको, भांडल्यावर मला भूक लागत नाही.

तुझी ताई

उल्हासनगर, १९ जानेवारी १९८८

ती. आईस गोदूचा शि. सा. न.

काल तू सरांना बोलून गेलीस. आज मी शाळेत गेले. सरांनी मला फळ्यापाशी बोलावलं.

मी पाऊण उलटा करून गुणलं. पाच चोक वीस, भागिले तीन, सहा पूर्णांक दोन तृतीयांश. मग खाली लिहिलं, की एका झबल्याला पाऊण मीटर, त्याचे दोन तृतीयांश म्हणजे अर्धा मीटर. म्हणजे पुस्तकातले दोन तृतीयांश ते माझंच उरलेलं कापड. सरांनी ते पडताळून पाहिलं. म्हणाले, दोन्ही बरोबर, आणि फुली खोडून मार्क दिला.

मी जागेवर गेले नाही. म्हटलं, "सर, फुली खोडलीत, तसं ते बोलणंही मागे घ्या." या वेळी कुणी हसलं नाही. सरांनी फळा पुसला आणि पुढचं गणित सांगायला लागले.

मामा म्हणतो, मार्क मिळाला, आता विसर. मी उद्या जाणार, रोज जाणार. पण आई, तू एवढ्यात राग सोडू नकोस. माझ्यावरची माया आहे तशीच असू दे.

तुझी गोदू